बुटकी गाडी, पातळ पत्रा: मियाटा उचलण्याच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

परवा दसऱ्याला गाडी धुतली, बॉनेटवर झेंडूचा हार घातला, पूजा केली. तेव्हाच मनात धरलं की थंडी पडायच्या आत हिचे ब्रेक आणि स्प्रिंग करून टाकायचे. गाडी १९९९ सालची माझ्दा एमएक्स-५, इथे अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात ती. दुसऱ्या पिढीची, १.८ लिटरची. जूनमध्ये घेतली. आधीच्या मालकाने तिला बुटके स्प्रिंग घातले आहेत, त्यामुळे मुळातच खाली असलेली गाडी आणखी खाली बसली आहे. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून ही गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही असं ठरवलं आहे.

आज नुसतं खाली वाकून बघायचं होतं. फरशीला गाल टेकवून टॉर्च मारला आणि जे दिसलं त्यानंतर दिवसभर चैन पडलं नाही.

या गाडीच्या तळाला, दोन्ही सीटांच्या खालून, पुढून मागे अशा दोन पन्हळी जातात. फ्रेम रेल. उजव्या बाजूची पन्हळ जवळजवळ हातभर लांबीत चपटी झाली आहे. चौकोनी उभ्या भिंती आत मुडपल्या आहेत, करंजीची कड मुडपावी तशा. त्या जुन्या चेपलेल्या जागेवर एक नवा ओरखडा आहे, अजून चकाकणारा, गंज न चढलेला. ऑगस्टमध्ये एका दुकानात टायर बदलून घेतले होते. जुनं चेपणं त्यांचं नाही हे मला कळतं. पण नवा ओरखडा त्या दिवसाचाच आहे, कारण त्यानंतर गाडी कोणी उचललेलीच नाही.

शेजारच्या सीटचा एक जुना प्रश्नही आज सुटला. ती सीट शेवटचे दोन खाचे मागे सरकत नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं की रूळ गंजलाय. रूळ ठीक आहे. खालून दाब येऊन तिथला पत्रा वर फुगलाय.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कोल्हापूरला अण्णांना फोन केला. अण्णांचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "तू उचललीस कुठून?"

"अजून उचललीच नाही, अण्णा."

"मग आधी ठरव, मग उचल. जॅक उचलायला असतो, धरायला घोडी. आणि चाकाला दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही."

घोडी म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड. एसटीचं काम एका अर्थी सरळ असतं. बसला आडवा जाडजूड अॅक्सल असतो, त्याच्या खाली जॅक लावला की झालं. या गाडीला तसा अॅक्सलच नाही, चारही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग चाक जमिनीवर असताना वजन कुठून खाली येतं ते बघ. जिथून येतं तिथेच हात लाव."

हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मियाटाला वेगळी चासी नाही. पत्र्याचे आकार एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून तिचं अंग बनलं आहे. चाकांना धरणारे आर्म जोडलेले आहेत ते पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमला, म्हणजे बॉडीला बोल्टांनी पक्क्या केलेल्या भक्कम चौकटींना. दारांखालचे उंबरे, म्हणजे सिल, मधला बोगदा आणि या दोन पन्हळी मिळून गाडी वाकू देत नाहीत. छप्पर असलेल्या गाडीत छप्परही हातभार लावतं, इथे ते कापडाचं आहे.

पन्हळीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड आहे. तिची ताकद जाडीत नाही, उंचीत आहे. शाळेतली फूटपट्टी आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही, तसं. ती लांबीच्या दिशेने ताण घ्यायला केली आहे. खालून एका ठिकाणी जॅकची वाटी टेकवून पाचशे किलो दाब दिला की उभ्या भिंती मोडतात, उंची जाते, आणि उंचीबरोबर ताकदही. खालून बघताना ती अगदी हाताशी असते, सपाट असते आणि नाव ‘फ्रेम रेल’. म्हणूनच माणसं तिथे जॅक लावतात. त्यांचा दोष मी फार धरत नाही, नावच फसवं आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्या जागा शोधून खूण करायचा दिवस. पांढरा पेंट मार्कर, वायर ब्रश, स्क्रू ड्रायव्हर आणि माझा मुलगा टॉर्च धरायला.

पुढे: दोन चाकांच्या मध्ये आडवा क्रॉसमेंबर, म्हणजे पुढच्या सबफ्रेमची आडवी तुळई, त्याचा मध्य. जाड पत्रा आणि जॅकची वाटी बसेल एवढा सपाट. त्याच्या पुढचा स्टीअरिंग रॅक आणि वरचा ऑइल पॅन चुकवायचा. पुढून बघताना प्लॅस्टिकचं झाकण आडवं येतं, त्यामुळे जॅक खूप आत सरकवावा लागतो. सगळी अडचण इथेच आहे, पण तिच्याकडे उद्या बघू.

मागे: डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, घराचा तळ, त्याचाही मध्य. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. मियाटात गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळई जाते, पॉवर प्लांट फ्रेम. खालून ती चांगली भक्कम दिसते. पण ती इंजिनाचा पीळ सांभाळायला आहे, गाडीचं ओझं घ्यायला नाही. जॅक चार बोटं पुढे गेला तर तिच्यावर येईल. म्हणून डिफरन्शियलच्या तळावर मार्करने मोठी फुली मारली.

बाजूला: सिलच्या खाली पत्र्याची उभी कड आहे, जिथे पत्र्याचे थर एकत्र दाबून वेल्ड केले आहेत. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे तिला दोन-दोन खाचा आहेत. त्या दोन खाचांमधल्या तुकड्याला आतून जोड आहे, डिकीतला कात्री जॅक तिथेच लागतो. ही कड सरळ वरच्या दिशेने दाब घेते, आडवा धक्का मात्र अजिबात सोसत नाही. वाटी थोडी तिरकी लागली की दुमडते. माझ्या गाडीची पुढची उजवी कड अशीच दुमडलेली होती. दोन रुंद तोंडाच्या पकडींनी हळूहळू सरळ केली आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर प्रायमर लावला.

मुलाने डावीकडच्या मागच्या जागेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. बाकी तीन ठिकाणी टणटण आवाज आला होता, इथे बद्द आला. "बाबा, हे आतून पोकळ वाटतंय." टोक जरा दाबलं तर पापुद्रा सुटला आणि मिठासारखा लाल चुरा हातावर पडला. मियाटाचा हा माहीत असलेला आजार आहे. कापडी छपराचं पाणी सीटांच्या मागून दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे साचून राहतं. आधी दोन्ही नळ्या साफ केल्या. लवचीक प्लॅस्टिकची काठी घातली, मग पाणी ओतलं. डावीकडून भिजलेल्या पाल्याचा गोळा निघाला.

म्हणजे डाव्या मागच्या सिलवर घोडी लावायची नाही. कागदावर ती जागा जॅकिंग पॉइंट म्हणून दाखवली असली तरी २६ वर्षांनी तिथे काय उरलं आहे ते महत्त्वाचं. मागच्या दोन्ही घोड्या सबफ्रेमखाली लावू, खालच्या आर्मच्या बोल्टाच्या आतल्या बाजूला, जिथे जाड पेटीसारखा भाग आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोजमाप. पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाखाली जमिनीपासून १०२ मिमी. ट्रॉली जॅक अॅल्युमिनियमचा, बुटका; वाटीची सर्वांत कमी उंची ९० मिमी, सर्वांत जास्त ३७०. वाटी आत जाते, पण तिच्यामागचं जॅकचं अंग आणि दांडा ओठाला घासतो, आणि दांडा हलवायला जागाच राहत नाही.

त्यावर उपाय म्हणजे फळ्या. इथे लाकडाच्या दुकानात ज्याला दोन बाय दहा म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. एक लांब, तिच्यावर एक आखूड, स्क्रूने पक्की, पुढची कड तिरकी कापलेली. चार चाकांना चार जोड. गाडी हळू त्यावर चढवली की ७६ मिमी वर येते, आणि अजून एकही जॅक लागलेला नसतो. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती आहे. लेव्हल ठेवून पाहिलं: थोडा उतार आहे, आतल्या भिंतीजवळ कमी. गाडी तिथेच उभी करायची. बाहेर डांबरी ड्राइव्हवेवर हे काम करायचं नाही. डांबर ऊन लागलं की मऊ पडतं, घोडीचे पाय रुततात, जॅकची चाकं अडकतात.

घोड्या नव्या घेतल्या, सपाट डोक्याच्या आणि आडवी पिन घालता येते अशा. २०२० मध्ये अमेरिकेत लाखो घोड्या परत मागवल्या गेल्या होत्या, कारण धक्का लागला किंवा भार हलला की दात्यात अडकणारी खिटी निसटू शकत होती. म्हणून दाते असले तरी पिन हवीच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

घरात फराळाची गडबड, मला दोनच तास मिळाले. आइस हॉकीची चकती, म्हणजे पक, आणली. डेट्रॉईटच्या आसपास ती किराणा दुकानातही मिळेल अशी वस्तू आहे. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, कडक रबर. सिलची उभी कड आत बसेल अशी तिला मधोमध खाच पाडायची.

पहिली खाच १८ मिमी खोल पाडली, कड पूर्ण आत जावी म्हणून. कामाच्या बाकावर शिकंज्यात दाबून पाहिली तर खाचेच्या तळापासून उकलली. खाली सातच मिमी रबर उरलं होतं, ते दोन्हीकडे फाकलं. हे गाडीखाली झालं असतं तर? दुसऱ्या दोन चकत्यांना १२ मिमीची खाच पाडली आणि घोडीच्या डोक्यावर उंच कड्याच्या गोल पोलादी झाकणात बसवल्या, म्हणजे रबराला फाकायला जागाच नाही. तीनदा दाबून पाहिल्या, काही झालं नाही. मागे चकत्या लागणार नाहीत, म्हणून दोनच पुरे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. आज पुढची बाजू.

गाडी फळ्यांवर. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून रबरी पाचरी लावल्या. पुढच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल केले. गाडी हवेत असताना पान्यावर जोर मारायचा नाही.

जॅक पुढून आत सरकवला, मुलगा बाजूला आडवा पडून वाटी क्रॉसमेंबरच्या मध्यावर आली की नाही ते सांगत होता. गाडीचं एकूण वजन साधारण १,०५० किलो. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पुढे, म्हणजे वाटीवर साडेपाचशेच्या आसपास.

वर घेताना एक गोष्ट बघायची राहू नये. जॅकची भुजा सरळ वर जात नाही, कमानीत फिरते. त्यामुळे वाटी जसजशी वर येते तसतसा जॅक स्वतः चार बोटं गाडीखाली सरकला पाहिजे. त्याची लोखंडी चाकं मोकळी हवीत. फरशीत फट असेल, खडा असेल, तर जॅक जागीच राहतो आणि वाटी क्रॉसमेंबरवरून घसटत सरकते. माझ्या एका चाकाखाली वाटाण्याएवढा खडा आला. जॅक थांबला, आणि वाटीचं रबर करकरलं. लगेच खाली घेतलं, फरशी झाडली, ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा जॅक अलगद सरकत गेला, आवाज नाही.

घोडीची सर्वांत कमी उंची २८० मिमी, वर चकती. फळ्या नसत्या तर मुळात जॅकच नीट आत गेला नसता. त्या ७६ मिमींनी काम झालं. घोड्या पुढच्या दोन खाचांमध्ये ठेवल्या, पिना घातल्या, आणि जॅक अगदी हळू सोडला. दांड्याचा झडप-स्क्रू केसभरच फिरवायचा. कड चकतीच्या खाचेत सरळ उतरते की नाही ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. जॅक काढला नाही, वाटी क्रॉसमेंबरला नुसती टेकवून ठेवली. मग बाजूला उभं राहून गाडीला चांगले हिसडे दिले. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, आम्ही खाली नसताना.

मुलाने एक छान गोष्ट काढली. उचलण्यापूर्वी दार आणि त्याच्या मागचा फेंडरचा पत्रा यांच्यातली फट त्याने नाण्यांनी मोजून ठेवली होती. इथलं पाव डॉलरचं नाणं १.७५ मिमी जाड असतं. दोन्हीकडे दोन नाणी जेमतेम जात होती. आता घोड्यांवर डावीकडे दोन जातात, उजवीकडे दुसरं अडकतं. म्हणजे मधोमध, सरळ उचलूनसुद्धा उजवी बाजू जास्त वाकते आहे, ज्या बाजूची पन्हळ चेपलेली आहे तीच. बिनछपराची गाडी घोड्यांवर असताना दार उघडायचं नाही हे वाचलं होतं. का, ते आज नाण्याने दाखवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेजारी आले होते, त्यांच्याकडे पाचव्या पिढीची कॉर्व्हेट आहे. त्या गाडीच्या फ्रेममध्ये चार लांबट भोकं असतात, त्यांत बसतील अशा चकत्या मिळतात. चकती न लावता जॅक टेकवला तर बाजूचा प्लॅस्टिकचा सिल तडकतो. लोटस एलिस या स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा तर अॅल्युमिनियमचे पोकळ तुकडे गोंदासारख्या द्रव्याने चिकटवून केलेला आहे, त्याचा हिशोब आणखी निराळा. एका गाडीची जागा दुसरीला चालत नाही. आज काम काही केलं नाही, चहा झाला.

१ नोव्हेंबर, शनिवार

मागची बाजू, आणि हीच नाजूक.

मागून उचलताना हँडब्रेक बिनकामाचा होतो, कारण तो मागच्याच चाकांवर असतो आणि तीच हवेत जातात. गिअरचंही तेच. आणि पुढची चाकं आधीच हवेत, म्हणजे पाचर लावायला जमिनीवर चाकच नाही. गाडीला पुढेमागे जाण्यापासून रोखणाऱ्या आता फक्त पुढच्या दोन घोड्या. शिवाय मागून वर घेताना गाडी त्या घोड्यांवर फिरते, कडेचा कोन बदलतो.

म्हणून एकदम वर घेतलं नाही. दांडा चार वेळा दाबायचा, थांबायचं, मुलाने पुढे जाऊन दोन्ही चकत्या बघायच्या, "ठीक" म्हणाला की पुन्हा चार. तिसऱ्या थांब्याला तो म्हणाला, "बाबा, थांब, डावीकडची कड खाचेच्या मागच्या टोकाला आलीये." जॅक खाली घेतला. पुढून पुन्हा थोडं उचलून घोडी बोटभर मागे घेतली. असं दोनदा झालं. चार घोड्यांवर गाडी जायला दीड तास लागला आणि तो मला अजिबात जास्त वाटला नाही.

मागच्या घोड्या ठरल्याप्रमाणे सबफ्रेमखाली. चारही चाकं काढली आणि प्रत्येक चाक त्या-त्या बाजूच्या सिलखाली आडवं सरकवून ठेवलं. घोडी गेलीच तर गाडी चाकावर थांबेल, माणसावर नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर संध्याकाळी थोडं थोडं करून ब्रेक पॅड, डिस्क आणि मूळ उंचीचे स्प्रिंग झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

चेपलेल्या पन्हळीपाशी दोन संध्याकाळी घालवल्या. भिंती बाहेरून ओढून निम्म्याअधिक सरळ झाल्या. बाजारात या पन्हळींवर बाहेरून चढवायचे जाड पोलादी खोळ मिळतात, पण ते बसायला आतली पन्हळ सरळ हवी. डाव्या सिलचा गंज कापून नवा पत्रा जोडायचा आहे, ते वेल्डरचं काम. दोन्ही वसंतात एकदमच करून घेऊ. सध्या गंज थांबवायला आतून मेण फवारलं.

अण्णांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. त्यांनी घोड्यांच्या पिना मोजल्या, चार.

९ नोव्हेंबर, रविवार

खाली उतरवणं. चाकं लावली, नट हाताने घट्ट केले, मग उलट क्रमाने: आधी मागची बाजू टप्प्याटप्प्याने, मग पुढची. उतरली ती फळ्यांवरच. गाडी उतरवल्यावर लगेच उंची मोजली तर आकडा खोटा येतो. हवेत लोंबकळताना चाकं आत ओढली जातात आणि जमिनीला टेकल्यावर टायर आपोआप बाहेर सरकत नाहीत. गाडी चार फूट पुढेमागे ढकलली तेव्हा ती खाली बसली. मग पुन्हा फळ्यांवर घेऊन खालच्या आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट केले, कारण त्यांचे रबरी बुश गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे असतात. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकांचे नट टॉर्क पान्याने १०८ न्यूटन-मीटरला लावले.

पुढच्या ओठाखाली आता १३१ मिमी. नाणी परत लावून पाहिली. डावीकडे दोन, उजवीकडे दोन.

सिलच्या आतल्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, उचलायच्या जागांवर पांढरे बाण काढले. डाव्या मागच्या सिलवर लाल फुली. दोन्ही पन्हळींवर मुलाने मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘नो जॅक’ लिहिलं, टायरच्या दुकानातल्या माणसाला वाचता यावं म्हणून. ऐंशी किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायचे, बर्फ पडायच्या आत.